ग्वादालुपेच्या माथ्यावर सासूबाई

सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे टेक्सासला आल्या आणि आठवडा व्हायच्या आतच म्हणाल्या, "अगं, तुमच्या ह्या गावात चढ म्हणून नाहीच का कुठे?"

नव्हताच. आम्ही ओडेसाला राहायचो, पश्चिम टेक्सासात. तेलाच्या विहिरींचं गाव. सकाळी दाराबाहेर उभं राहिलं की पार क्षितिजापर्यंत नजर जायची. मधे अडवायला काही नाही, फक्त दूरवर तेल उपसणारे पंप माना खालीवर करत असायचे. सासूबाई साताऱ्यात रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायच्या. मुलींच्या शाळेत त्यांनी उभी हयात भूगोल शिकवला होता, आणि निवृत्त झाल्यावरही गड चढायची सवय सुटली नव्हती. ओडेसात त्या आमच्या अपार्टमेंटचा जिनाच सकाळी खालीवर करायच्या. शेजारची अमेरिकन बाई एकदा मला हळूच विचारून गेली, "तुझ्या सासूबाईंचं काही हरवलंय का?"

ऐंशीच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण सासूबाईंचा सहवास म्हणाल तर लग्नानंतरच्या जेमतेम महिन्याभराचा. लग्न झालं, व्हिसा आला, मी विमानात बसले. त्यामुळे त्या येणार म्हटल्यावर मी धास्तावलेच होते. नवरा दिवसभर ऑफिसात, घरात आम्ही दोघीच. बोलायचं काय एकमेकींशी? एरवी मी नवऱ्याला 'अरे' म्हणायची, ते त्या यायच्या आदल्या दिवसापासून बंद केलं आणि 'अहो' सुरू केलं. त्याला हसू आवरायचं नाही. मी डोळे वटारायची.

एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर टेक्सासचा रस्त्यांचा नकाशा पसरला होता. पेट्रोल पंपावर मिळाला होता तो. चष्मा कपाळावर, नाक कागदाला लागलेलं.

"हे बघ," त्या त्याला म्हणाल्या, "इथे डोंगर दाखवलाय. ग्वादालुपे माउंटन्स, नॅशनल पार्क. आणि भोवताली सगळं चिवावाचं वाळवंट. फार लांब नाही."

"आई, काही नाहीये तिथे. नुसते दगड आहेत."

"मग दगड बघू. इतकी वर्षं मी फळ्यावर खडूने वाळवंट काढलं. एकदा डोळ्यांनी तरी बघू दे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला वाचवावं अशी अपेक्षा असावी. पण त्या नकाशातल्या हिरव्या ठिपक्याकडे बघून मलाच काहीतरी झालं होतं. दोन वर्षांत मी अपार्टमेंट, ग्रोसरी स्टोअर आणि मंडळाचा गणपती एवढीच अमेरिका बघितली होती. मी म्हणाले, "जाऊया ना, अहो."

गावात नागपूरचे एक डॉक्टर काका होते, त्यांच्याकडून तंबू आणि स्टोव्ह आणला. काका म्हणाले, "टेक्सासमधलं सगळ्यात उंच शिखर आहे बरं का तिथे. पण तुम्ही खालूनच बघा." सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी स्वतःसाठी निळे कॅनव्हासचे बूट घेतले. दिवाळी जवळ आली होती, म्हणून शंकरपाळे आणि चिवडा आधीच करून झाला होता. ते सगळं डब्यांत भरलं, पाण्याच्या मोठ्या बाटल्या घेतल्या आणि आम्ही निघालो.

पेकॉस मागे पडलं, ओर्ला नावाचं जवळजवळ ओसाड गाव मागे पडलं. रस्ता सरळसोट. सासूबाई पुढच्या सीटवर होत्या आणि हट्टाने खिडकी उघडी ठेवून बसल्या होत्या. मग पश्चिमेला आधी निळसर धूसर काहीतरी दिसलं. मी ढग समजले. बराच वेळ ते तिथेच राहिलं, मग त्याला कडा फुटल्या, मग रंग आला, आणि एका वळणावर वाळवंटातून उभा उठलेला तो प्रचंड कातळ समोर आला.

"थांबव, थांबव गाडी!" सासूबाई ओरडल्या.

त्याने कडेला घेतली. त्या दार उघडून उतरल्या आणि वाऱ्याने त्यांचा पदर सरळ वर उडवला. त्यांना त्याचं भान नव्हतं. पदर एका हाताने गोळा करत त्या म्हणाल्या, "अगं, पायथा बघ कसा आहे. झुडुपं, निवडुंग, वाळू. आणि वर, त्या खाचेत, काळपट दिसतंय ना? ती झाडं आहेत. मोठी झाडं! खाली वाळवंट आणि वर जंगल. एकाच डोंगरावर!" मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वर्गात त्या अशाच बोलत असणार.

डोंगराच्या पायथ्याशी, पाइन स्प्रिंग्सला, तंबू ठोकायची जागा होती आणि रेंजरची छोटीशी कचेरी. आत एक उंच, वेणी घातलेली तरुण रेंजर बसली होती. सासूबाई सरळ तिच्यापुढे गेल्या आणि शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "व्हॉट इज द अ‍ॅन्युअल रेनफॉल हिअर, प्लीज?"

रेंजरचा चेहरा उजळला. हा प्रश्न तिला रोज कोणी विचारत नसावं. तिने पाऊस सांगितला, वारा सांगितला, आणि मग म्हणाली की हा डोंगर म्हणजे एकेकाळी समुद्रात वाढलेली भिंत आहे. पाण्यातल्या जिवांनी बांधलेली. समुद्र आटला, सगळं गाळाखाली गाडलं गेलं आणि कोट्यवधी वर्षांनी जमीन वर उचलली गेली. "वर जाताना दगडांकडे नीट बघा," ती म्हणाली. "शिंपले दिसतील. फक्त काही उचलायचं नाही."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? समुद्र!"

मग रेंजरने शिखराच्या वाटेबद्दल सांगितलं. वाटेत पाणी मिळत नाही, भरपूर न्या. ढग दाटले तर परत फिरा. आणि वर वारा फार असतो. हे शेवटचं सांगताना तिची नजर सासूबाईंच्या साडीवर गेली आणि तिने ती सभ्यपणे काढूनही घेतली. सासूबाईंच्या ते लक्षात आलंच. त्या रात्री जेवताना त्यांनी शिखराचं नावही काढलं नाही. मला वाटलं, बेत बारगळला.

सकाळी मी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवत होते तेव्हा तंबूची चेन उघडली आणि सासूबाई बाहेर आल्या. अंगात लेकाची तपकिरी कॉर्डरॉयची पॅन्ट, खालून दुमडलेली. कमरेला पट्ट्याऐवजी परकराची नाडी. वर त्याचाच चौकड्यांचा शर्ट, डोक्याला माझा स्कार्फ, पायात निळे बूट.

नवऱ्याच्या हातातला कप तसाच राहिला. "आई!"

"काय? माणूस बघितलं नाहीस कधी?" त्या म्हणाल्या, आणि दोन पावलं चालून बघितली. मग अजून दोन. मग एक गुडघा वर उचलून बघितला. "अगं बाई," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे इतकं सोपं असतं होय!"

मी इतकी हसले की चहा उतू गेला. त्याही हसल्या. हसून झाल्यावर गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "साताऱ्याला कळवायचं नाही."

वाट पहिल्यापासूनच चढाची होती. डोंगराच्या अंगावर नागमोडी काढलेली, दगडगोट्यांची, सावली नाही. पण ऑक्टोबरचा गारवा होता आणि ऊन कोवळं होतं. सासूबाई पुढे, मी मधे, नवरा मागे. त्यांचा वेग आमच्यापेक्षा कमी होता पण थांबणं नव्हतं. गड चढायची त्यांची जुनी लय होती ती. दर वळणावर त्यांना काहीतरी सापडायचं. "ही बघ, ही तर घायपात! आपल्याकडे बांधावर असते तीच." मग एक लाल फळांचं निवडुंग. मग दूर उतारावर कान टवकारून उभी असलेली हरणं, एवढाल्या मोठ्या कानांची. मला धाप लागली होती, पोटऱ्या भरून आल्या होत्या आणि तरी सारखं पुढचं वळण बघावंसं वाटत होतं.

वर चढून वाट एका कड्याला भिडली. एका बाजूला कातळाची भिंत, दुसऱ्या बाजूला खोल दरी. वाट रुंद होती, दोन माणसं सहज जातील इतकी. पण कठडा नव्हता. सासूबाई गेल्या. मी गेले. मागे वळून बघते तर नवरा आलाच नव्हता.

तो कड्याच्या अलीकडे कातळाला पाठ लावून उभा होता. दोन्ही तळहात दगडावर टेकलेले, चेहरा पांढराफटक.

"अरे, काय झालं तुला?" मी धावत मागे गेले. 'अहो' कुठल्या कुठे गेलं.

"काही नाही. तुम्ही व्हा पुढे."

"बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

त्याने मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाला, "मला उंचीची भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. मला वाटलं होतं, जमेल. नाही जमणार."

दोन वर्षं ह्या माणसाबरोबर राहत होते मी. तेलाच्या कंपनीत होता, पण काम सगळं ऑफिसात बसून. बाहेरच्या विहिरींवरची, उंच मनोरे चढायच्या कामावरची बदली त्याने दोनदा नाकारली होती. मी समजत होते, माझ्यासाठी नाकारली. मी त्याचा हात धरला. गार होता.

सासूबाई परत आल्या. त्यांनी लेकाकडे नीट बघितलं. एवढंच म्हणाल्या, "मागची वाट उतरायला जमेल ना तुला?"

"हो. तिथे काही नाही वाटत."

"मग तू सावकाश खाली जा. आम्ही जाऊन येतो."

"तुम्ही दोघी?" तो म्हणाला, आणि माझ्या मनातही नेमकं तेच होतं. अमेरिकेत मी त्याच्याशिवाय बँकेतही गेले नव्हते. कुणी इंग्रजीत काही विचारलं तर मी आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. आणि आता ह्या परक्या डोंगरावर मी, आणि नाडीने पॅन्ट बांधलेल्या सासूबाई.

"तिला विचार," सासूबाई त्याला म्हणाल्या. "तिला नको असेल तर तिघंही उतरू. मला काही वाईट वाटायचं नाही."

तो माझ्याकडे बघत होता. त्याही बघत होत्या. मी वर बघितलं. कड्याच्या पलीकडे वाट वळून दिसेनाशी होत होती आणि तिथे कातळावर सकाळचं ऊन पडलं होतं.

"मला जायचंय," मी म्हणाले. माझाच आवाज मला नवा वाटला.

त्याने त्याच्याकडचं पाणी आम्हाला दिलं, चिवड्याचा डबा दिला, शंभर सूचना दिल्या. ढग आले तर परत फिरायचं. अंधाराच्या आत यायचं. सासूबाई प्रत्येक सूचनेला 'बरं' म्हणाल्या. तो वळणाआड जाईपर्यंत आम्ही उभ्या होतो. कॅमेरा त्याच्याच गळ्यात राहिला, हे नंतर लक्षात आलं.

कडा ओलांडून आम्ही बऱ्याच वर गेलो. एका कोपऱ्यावर आलो तर तिथून पायथा पुन्हा दिसला: आमचा निळा तंबू, गाडी, रेंजरची कचेरी, सगळं खेळण्यातलं. तिथे बसून शंकरपाळे खाल्ले. थोड्या वेळाने खाली वाटेवरून एक ठिपका मोकळ्या जागेत आला आणि गाडीपाशी जाऊन थांबला.

"पोचला," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी काही शिट्टी मारली की मी दचकून जागच्या जागी उडाले.

"आई! तुम्हाला शिट्टी येते?"

"गडावर शिकले. वात्रट मुली सहलीला पांगायच्या, त्यांना गोळा कसं करणार?" आणि पुन्हा एक मारली, लांबलचक.

वारा पडलेला होता. आवाज दरीत उतरला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. खालचा ठिपका इकडेतिकडे फिरला, मग गाडीत वाकला आणि काहीतरी पांढरं हलवायला लागला. टॉवेल होता तो. मी उभी राहून दोन्ही हात हलवले. तो बराच वेळ टॉवेल फिरवत होता.

पुढे वाट डोंगराच्या मागच्या अंगाला वळली आणि खरोखरच जंगल आलं. पाइनची उंच झाडं, खाली सुयांचा मऊ थर, रेझिनचा वास. सासूबाई झाडांच्या बुंध्यांना हात लावत चालल्या होत्या. "काल गाडीतून दाखवलं ना तुला? हेच ते काळपट." त्यांच्या डोळ्यांत नुसता आनंद होता. मीही आता त्यांच्या मागे नव्हते, बरोबरीने चालत होते.

झाडी संपून पुन्हा ऊन लागलं तिथे त्यांनी एकदम माझा दंड घट्ट पकडला. "हलू नकोस."

आधी आवाज आला. कोरडा, खुळखुळ्यासारखा, पण थांबत नव्हता. मग दिसला. वाटेच्या मधोमध, तापलेल्या दगडावर वेटोळं घातलेला साप. शेपटीचं टोक वर उभं राहून थरथरत होतं. काय करायचं, ओरडायचं, पळायचं, काही सुचेना. तेवढ्यात वरच्या बाजूने काठी टेकत एक म्हातारा टेक्सन गृहस्थ उतरत आला आणि सापाच्या पलीकडे थांबला.

"थोडा वेळ द्या त्याला, मॅम," तो सासूबाईंना शांतपणे म्हणाला. "आपल्या आधीपासून आहे तो इथे."

मग आम्ही तिघं, सापाच्या दोन बाजूंना, पाहुण्यांसारखे उभे राहिलो. म्हाताऱ्याने वेळ घालवायला विचारलं, "कुठून आलात तुम्ही?"

"सातारा," सासूबाई सापावरची नजर न काढता म्हणाल्या.

"सातारा," त्याने विचार केला. "ते खाली मेक्सिकोच्या सीमेकडे, लारेडोच्या बाजूला का?"

"नो," सासूबाई म्हणाल्या. "अ लिटल फर्दर."

मला हसू फुटलं, आणि सापापुढे हसू नये म्हणून मी तोंडावर हात दाबला. शेवटी साप कंटाळला असावा. खुळखुळणं मंदावलं, वेटोळं सुटलं आणि तो सावकाश झुडुपात निघून गेला. म्हाताऱ्याने टोपीला हात लावला, आम्ही बाजूने जाताना म्हणाला, "वर वारा आहे. सांभाळून," आणि खाली गेला. मी सासूबाईंचा हात सोडला नव्हता. "घाबरलात?" मी विचारलं. "अगं, फार," त्या म्हणाल्या. "पण काय देखणा होता गं!"

शेवटचा चढ उघड्या कातळाचा होता आणि तिथे वाऱ्याने आम्हाला गाठलं. असा वारा मी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. अंगावर माणसाने रेलावं तसा. स्कार्फ कधीच उडून गळ्यात आला होता. बोललेलं ऐकू येत नव्हतं. आम्ही वाकून, कधी हातांचाही आधार घेत चढत होतो. एका जागी वाऱ्याच्या आडोशाला थांबलो तर सासूबाई कातळाकडे टक लावून बघायला लागल्या. मग त्यांनी माझा हात धरला आणि दगडावर ठेवला.

करड्या दगडात शिंपल्याचा आकार होता, पंख्यासारख्या रेघांचा. शेजारी अजून एक. मग दिसायलाच लागले, जिथे बघावं तिथे, अर्धे, तुटके, एकात एक.

"हात फिरव," त्या माझ्या कानाशी ओरडल्या. "समुद्र आहे हा!"

मी हात फिरवला. माझ्या बोटांखाली त्या रेघा स्पष्ट लागत होत्या. सगळ्या टेक्सासच्या वर, वाळवंटाच्या माथ्यावर, मी समुद्राला हात लावत होते. अंगावर काटा आला, तो वाऱ्याने नव्हे. सासूबाईंनी एक सुटा खडा उचलला, उलटासुलटा करून बघितला. मुलींना दाखवायला किती छान, असं त्या पुटपुटल्याचं मला ओठांवरून कळलं. मग रेंजरचं सांगणं आठवून त्यांनी तो होता तिथेच, होता त्याच बाजूने ठेवला.

माथ्यावर स्टीलचा एक छोटा त्रिकोणी सुळका उभा केलेला होता. त्याला धरून आम्ही उभ्या राहिलो. काल रस्त्यावरून मान मोडेपर्यंत वर बघितलेला तो प्रचंड कातळ आता आमच्या पायाखाली होता. त्याच्या पलीकडे वाळवंट. इतकं की पृथ्वी गोल असल्याचं दिसत होतं. पश्चिमेला पांढरं काहीतरी पसरलेलं, बर्फासारखं.

"मीठ!" सासूबाई ओरडल्या. "ते मीठ आहे! मिठागर! पाणी आटून राहिलेलं!" आणि मग त्यांचं शिक्षिकेचं सगळं भान सुटलं. त्या नुसत्या "अहाहा! अहाहा!" करत चौफेर फिरत होत्या, पॅन्टचे पाय वाऱ्याने फडफडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग मीही ओरडले. शब्द नव्हते त्यात, नुसतीच ओरडले. अपार्टमेंटमध्ये भिंती पातळ म्हणून दोन वर्षं मी हळू बोलत होते, हळू हसत होते, कुकरची शिट्टी झाली तरी ओशाळत होते. इथे वारा माझा आवाज तोंडातून ओढून घेऊन वाळवंटावर भिरकावत होता. मी पुन्हा ओरडले. सासूबाई थांबून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि त्याही ओरडल्या. दुसरं कुणीही नव्हतं तिथे.

उतरणं मात्र सोपं नव्हतं. जंगल संपेपर्यंत सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले. अजिंक्यताऱ्यापेक्षा हा डोंगर फारच मोठा होता. त्या काही म्हणेनात, पण प्रत्येक पावलाला ओठ आवळत होत्या. मी पुढे झाले आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला. तशाच आम्ही उतरत राहिलो, त्या मागे, मी पुढे. एकमेकींची तोंडं दिसत नव्हती, म्हणूनच कदाचित त्यांनी विचारलं.

"तू मला घाबरतेस का गं?"

मी जरा थांबले. "थोडी."

"मीही येताना घाबरले होते. लेकाकडे जायचं म्हणजे सुनेच्या घरी जायचं. तिथे कुठली वस्तू कुठे असते ते माहीत नाही, कुठे बसायचं ते माहीत नाही. आणि तू सारखी 'आई, तुम्ही बसा, आई, तुम्ही राहू द्या.' बसून बसून कंटाळले मी."

"मला वाटलं, तुम्हाला काम करायला लावणं बरं दिसणार नाही."

"आणि त्याला 'अरे' म्हणतेस ना तू? सकाळी ऐकलं. म्हण की. मी काय पोलीस आहे?"

मला हसू आलं आणि रडूही. खांद्यावरचा त्यांचा हात जरा दाबला गेला, आणि मग त्या म्हणाल्या, "बघून चाल, इथे गोटे सुटे आहेत."

कड्याशी आलो तर त्याच्या पलीकडे, सकाळी जिथे उभा होता बरोबर तिथेच, नवरा बसला होता. जमेल तितका पुन्हा चढून आला होता, आणि दुपारपासून वाट बघत होता. पिशवीत संत्री होती, पाणी होतं, सासूबाईंची शाल होती. आम्हाला बघून तो उभा राहिला. सासूबाई कडा ओलांडेपर्यंत त्याने श्वास घेतला नसावा.

"झालं?" त्याने विचारलं.

"वर गेलो!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो आणि मग एकीचं वाक्य दुसरी तोडत सगळं सांगायला लागलो, साप, लारेडो, शिंपले, मीठ. तो एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत संत्री सोलत होता.

आम्ही दमून गप्प झाल्यावर सासूबाई त्याला म्हणाल्या, "मला का नाही रे सांगितलंस कधी?"

त्याने सालं पिशवीत भरली. "तू रोज गड चढणारी. तुला काय सांगणार?"

"अरे वेड्या," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, शेंडीच्या जागी जरा थोपटलं. "तुझे बाबा साधा जत्रेतला पाळणा वर गेला तरी डोळे मिटायचे." तो चकित होऊन बघत राहिला. वडील तो कॉलेजात असतानाच गेले होते; हे त्याला माहीत नव्हतं. उरलेल्या वाटेवर तो सासूबाईंना धरून चालला आणि वडिलांबद्दल एकेक विचारत राहिला. मी मुद्दाम मागे राहिले.

संध्याकाळी त्याने स्टोव्हवर खिचडी केली. खाली लागली होती, पण आम्ही भांडं पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना गुडघे धड वाकवता येत नव्हते आणि तरी त्या त्याच पॅन्टमध्ये गाडीत जाऊन बसल्या होत्या. रेंजरने त्यांना जवळच्याच एका घळीबद्दल सांगितलं होतं, सपाट वाटेच्या. तिथे वाळवंटाच्या पोटात एक झरा वाहत होता आणि झऱ्याकाठी मेपलची झाडं लालभडक झाली होती. करड्या कातळांच्या मधे तो लाल रंग बघून आम्ही तिघंही वाटेतच थांबलो. नवऱ्याने तिथे पोटभर फोटो काढले. एकात सासूबाई पॅन्टच्या खिशात हात घालून उभ्या आहेत आणि मी त्यांच्या खांद्यावर कोपर टेकवलंय.

परत निघालो तेव्हा त्या मागच्या सीटवर बसल्या, पाय लांब करता यावेत म्हणून. मी पुढे, नवऱ्याशेजारी. मला वाटलं, त्या झोपल्या असतील. बऱ्याच वेळाने वळून बघितलं तर त्या गुडघ्यांवर उलट्या बसल्या होत्या, दुखत होते तरी, आणि मागच्या काचेतून डोंगराकडे बघत होत्या. तो आता पुन्हा निळसर झाला होता.

"आई, पाय दुखतील," मी म्हणाले.

"दुखू देत," त्या न वळता म्हणाल्या. "तो बघ, अजून दिसतोय."

मी सीटचा पट्टा सोडला आणि माझ्या सीटवर मागे वळून बसले.